निरंक कारभार

"संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम मी कायमची काढून टाकणार आहे," असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा बायकोचा वाढता हात थांबला.

"का? तिनं तुमचं काय बिघडवलंय?"

"बिघडवलं नसेल, पण बिघडवू शकते. माझ्या आणि पंपाच्या मध्ये मला कुणी नको."

"तुमच्या आणि पंपाच्या मध्ये मी तरी नाहीये," असं म्हणून ती पुन्हा वाढायला लागली. तिच्या बोलण्यात समाधान होतं की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही.

संशय घेणं ही माझी सवय नाही, नोकरी आहे. वजनमापांच्या कार्यालयात मी निरीक्षक आहे. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दुकानदाराच्या डोळ्यांत बघत गप्प उभं राहायचं, हे माझं काम. पारड्याच्या तळाशी चिकटवलेलं शिसं आणि पारड्याच्या कडेला हळूच टेकलेला अंगठा पाहून पाहून माझी नजर अशी झाली आहे, की कुणी हात मिळवायला आला तरी मी आधी त्याचा दुसरा हात कुठं आहे ते बघतो. काट्याला जेवढे सांधे जास्त तेवढ्या लबाडीला जागा जास्त, हे मी नोकरीत शिकलो. संगणकाचंही तसंच असणार, असं मला आपलं वाटलं.

आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत. मी ए विंगमध्ये राहतो. मधलं अंगण ओलांडलं की बी विंग, आणि बी विंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर माझी सासुरवाडी. लग्नाच्या वेळी ही मोठी सोय वाटली होती. पुढं मी सोसायटीचा सचिव झालो, पाण्याचं खातं माझ्याकडे आलं, आणि सोय अंगाशी आली. खालच्या हौदातून पंपानं पाणी चढवायचं, आधी ए च्या टाकीत, मग तितकाच वेळ बी च्या टाकीत. काम एवढंच. पण बी च्या टाकीखाली माझे सासरे राहतात म्हटल्यावर ते एवढंच कसं राहील?

"सचिवसाहेब, बी च्या टाकीत पाणी जरा जोरात चढतं, नाही?" आमच्या तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर एकदा जिन्यात म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावल्यामुळे त्यांना सगळीकडे कीडच दिसते. पण टोमणा मला लागला. माणसाचा हात नको म्हणून मी घरचा जुना संगणक पंपाच्या खोलीत नेऊन ठेवला आणि पायथन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पायथन मला कार्यालयाच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. बाकीचे निरीक्षक चहा प्यायला बाहेर गेले होते, तेव्हा मी आत बसून ते शिकलो होतो.

पंप चालला, व्हॉल्व्ह उघडले, मिटले. आणि एका सकाळी पाणी ए मध्ये चढत असतानाच संगणकानं पडद्यावर लिहिलं, ‘अद्ययावत होत आहे, कृपया बंद करू नका.’ कुणी सांगितलं होतं त्याला अद्ययावत व्हायला? तो सावकाश अद्ययावत होत राहिला, पंप चालत राहिला, टाकी भरून वाहिली, आणि पाणी जिन्यावरून उतरून सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरलं. सुजलेल्या गालांचे पेशंट बाकांवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांतला एक तर दुखणं विसरून हसत होता, असं डॉक्टरांनी मला नंतर फार दुःखानं सांगितलं.

तातडीची सभा झाली. डॉक्टर उठले. "मंडळी, हे मशीन मध्येच काम सोडून बाहेर कुणाशी तरी बोलत होतं. काय बोलत होतं, कुणी सांगेल? सासुरवाडीच्या टाकीचा विषय निघाला असेल!"

सगळे हसले. हसले नाहीत दोघंच, मी आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे सासरे. सासरे पोस्टातून निवृत्त झाले, पण त्यांची खरी ओळख फुटबॉलचे पंच अशी. शाळांच्या सामन्यांत ते शिट्टी वाजवायचे, आणि स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, त्यांनी भर मैदानातून दोनदा बाहेर काढलं होतं. मेहुणा आता दुसऱ्या शहरात असतो आणि पत्रात अजून त्याचा उल्लेख करतो.

मला राहवलं नाही. "पुढच्या सभेपर्यंत दोन्ही टाक्या सारख्या भरल्या नाहीत," मी उठून म्हणालो, "तर मी सचिवपद सोडीन. एवढंच नाही, मग लोकांच्या काट्यांवर शिक्का मारायचा मला काय अधिकार, ते तुम्हीच सांगा." शेवटचं वाक्य नसतं बोललो तरी चाललं असतं. पण बोलून गेलो, आणि डॉक्टरांनी ते लगेच लिहून घेतलं.

डॉक्टरांचा मला राग होता, तरी त्यांचा प्रश्न मला पटला होता. ते मशीन कुणाशी बोलत होतं? मी दोन ओळी लिहिल्या. त्या वाचणार पायथनचा दुभाषी. तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणार, ती यंत्राच्या लोखंडाला, म्हणजे हार्डवेअरला, सांगणार, आणि मग पंप हलणार. दुभाष्याचं मी समजू शकतो, त्याच्याशिवाय यंत्राला माझी भाषा कळणार नाही. पण ही मधली बाई कोण? इथंच कुठंतरी पाणी मुरत होतं. तेव्हा ठरवलं, की तिला घालवायचं आणि दुभाष्याला नुसत्या लोखंडावर आणून बसवायचं.

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. "यातलं सगळं पुसून द्या," मी म्हणालो.

"आणि नवी कुठली सिस्टिम टाकू?"

"कुठलीच नको."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. "साहेब, तुम्ही नोकरी कुठं करता?" मी वजनमापांचं सांगितलं. त्यानं काउंटरवरचा छोटा काटा हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "हे काम आपण करत नाही." काटा कुठं ठेवला तेवढं मी लक्षात ठेवलं.

शेवटी मीच पुसलं. असले उद्योग करणाऱ्या जगभरच्या रिकामटेकड्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथली माणसं रात्रंदिवस एकमेकांना मदत करतात, आणि मदत करण्याआधी न चुकता ‘पण कशासाठी?’ असं विचारतात. त्यांनी सांगितलं, की लहान यंत्रांसाठी केलेला आटोपशीर पायथन घ्या आणि मशीन सुरू होताक्षणी त्यालाच जागं करा. पण तो तयार करायला दुसरा संगणक लागत होता, आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम असणं भाग होतं. बायकोचा लॅपटॉप घेतला. ज्या बाईला घालवायचं, तिच्याच हातून काम करून घ्यायचं होतं. काम चालू असताना मी पडद्यावरून नजर हलवली नाही. बायको म्हणाली, "माझ्या माहेरच्यांकडे बघता तसं बघताय तिच्याकडे."

दुभाष्याचा स्वभाव कळायला वेळ लागला. आजवर तो आयत्या घरात राहिला होता. उठल्याबरोबर त्याला जागा हवी, फायली हव्यात, घड्याळ हवं, पडदा हवा. नुसत्या लोखंडावर यातलं काहीच नव्हतं, आणि प्रत्येक गोष्ट मला हातानं करून द्यावी लागली. दोन-तीन आठवडे तर पडदा काळाच राहिला. काळ्या पडद्यासमोर बसलेला माणूस काम करतोय यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. जाता येता खिडकीतून डोकी आत यायची आणि ‘झालं का?’ म्हणायची.

मग एका रविवारी काळ्या पडद्यावर तीन बाण उमटले. >>> एवढंच. पायथन तीन बाण दाखवतो तेव्हा तो म्हणत असतो, ‘बोला.’ मला इतका आनंद झाला, की मी अंगण ओलांडून सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आलो.

"काय विचारू याला?" मी म्हणालो.

"सोपं विचारा," सासरे म्हणाले. "पहिल्याच सामन्यात दमवू नका."

मी दोन अधिक दोन विचारलं. त्यानं उत्तर दिलं, चव्वेचाळीस.

सासऱ्यांनी घसा साफ केला. वजनमापांच्या निरीक्षकाच्या यंत्रानं दोन आणि दोन चव्वेचाळीस सांगावेत, यापेक्षा मोठी नाचक्की काय असू शकते? मी घातपाताच्या संशयानं खोलीचं दार लावून घेतलं. शेवटी खरं काय ते कट्ट्यावर कळलं. कीबोर्डचं बटण दाबलं की तो एकदा कळवतो, आणि सोडलं की पुन्हा एकदा कळवतो. दुसरी खबर ऑपरेटिंग सिस्टिम गुपचूप टाकून देत असते. आता ती नव्हती, म्हणून माझं प्रत्येक अक्षर दुभाष्याला दोनदा ऐकू जात होतं. त्यानं प्रामाणिकपणे बावीस अधिक बावीस केले होते. मी हिशोबाचा संशय घेतला, म्हणून मला त्याची मनातल्या मनात माफी मागावी लागली.

घड्याळाचंही तसंच. सकाळ म्हणजे काय हे दुभाष्याला माहीत नव्हतं. मी बटण दाबलं, तीच त्याची पहाट. मी ते कार्यालयातून आल्यावर दाबायचो, त्यामुळे सकाळचं पाणी तो संध्याकाळी चढवायचा. मग त्याला बोर्डावरच्या सेलच्या घड्याळात बघायला शिकवलं. त्या काळात मला ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल थोडा आदर वाटायला लागला होता. मी तो कुणाला कळू दिला नाही.

एवढं झाल्यावर परवानगी. यंत्रानं आपणहून पंप चालवायचा तर वीज तपासणी कार्यालयाची मंजुरी लागते. अर्जात रकाना होता, ‘वापरलेल्या प्रणालीचे नाव’. मी सरकारी माणूस, रकाना रिकामा सोडायचा नसतो हे मला कळतं. मी लिहिलं, ‘निरंक’.

खिडकीतल्या कारकुनानं वाचलं. "निरंक. बरं. कुठल्या कंपनीची?"

"अहो, कुठल्याच नाही. प्रणालीच नाही."

"प्रणाली नाही तर नाव कसं आहे?"

"ते नाव नाही. निरंक म्हणजे निरंक!"

"ओरडू नका," कारकून म्हणाला. "आवृत्ती कितवी?"

मी माझ्या खिडकीवर लोकांना जे जे सुनावत आलो आहे, ते सगळं तो मला त्याच सुरात सुनावत होता. मी हरलो. मंजुरीच्या कागदावर छापून आलं, ‘निरंक, आवृत्ती पहिली’. तो मी पंपाच्या खोलीत लावला. दुसऱ्या दिवशी बी विंगच्या खजिनदारबाई चष्मा सावरत तो वाचत उभ्या होत्या. "ही निरंक कुठल्या देशाची हो? आणि तिथं आपली माहिती जाते का?"

पण प्रोग्रॅम चालला. व्हॉल्व्ह उघडल्यापासून मिटेपर्यंत सगळं मिळून एक पानभर ओळी. लपायला जागाच नव्हती. ए ला जितका वेळ, बी ला तितकाच. जन्मात पहिल्यांदा माझ्यासमोर असा काटा होता, ज्यात मला संशय घ्यायला काही सापडत नव्हतं. मी नुसता बसून बघायचो.

आणि बी विंगचं पाणी आटलं.

खजिनदारबाई रिकामी बादली घेऊन माझ्या दारात आल्या. "ए ला धो धो आणि आम्हाला करंगळीएवढी धार! सासरच्यांवर राग असेल तर घरात काढा, आमच्या नळावर कशाला?" माझी बायको त्यांच्या मागून बाहेर पडली, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन, अंगण ओलांडून माहेरी. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी सासऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "पाणी? भरपूर आहे की! लोकांना सवयच असते." आणि विषय बदलला.

प्रोग्रॅम मी पुन्हा वाचला. ओळ न् ओळ स्वच्छ होती. म्हणजे कुणाचा तरी अंगठा पारड्याला लागत होता. वॉचमनचा संशय घेतला. डॉक्टरांचा तर घेतलाच. बी च्या गच्चीवर टाकीच्या तोंडाशी हातानं फिरवायचा एक जुना व्हॉल्व्ह आहे. त्याच्या चाकाला मी दोरा बांधला आणि आम्ही काट्याला लावतो तसं शिशाचं सील दाबलं. दुसऱ्या दिवशी दोरा कापलेला होता. मी रजा टाकली आणि पाणी चढायच्या वेळी गच्चीवर जिन्याच्या खोलीमागे दबा धरून बसलो.

दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले माझे सासरे बाहेर आले. त्यांनी घड्याळात बघितलं, चाकाला हात घातला आणि बेतानं फिरवायला लागले.

"बाबा!"

ते दचकले नाहीत. "आलात? तो दोरा तुमचाच, हे मी ओळखलं होतं."

"तुम्ही स्वतःच्या विंगचं पाणी बंद करताय?"

"बंद नाही, कमी करतोय. बंद केलं तर लोकांना संशय येईल."

"अहो, पण कशासाठी?"

"त्या दात काढणाऱ्यानं भर सभेत काय म्हटलं? सासुरवाडी म्हटलं. सगळे हसले. जावईबापू, तुम्ही सासरच्यांना जास्त देता असं म्हटलं, तर तुमचं नाव जातं. कमी देता म्हटलं, तर नुसत्या शिव्या मिळतात. शिव्या मी मैदानावर पुष्कळ खाल्ल्यात. त्यानं काही होत नाही."

"पण बाबा, टाक्या सारख्या भरल्या नाहीत तर माझं पद जाणार आहे! मी सगळ्यांसमोर बोललोय!"

त्यांचा हात थांबला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसलं. "मी तुमचं नाव सांभाळत होतो," ते हळू म्हणाले. मग ताठ उभे राहिले. "सभेत सांगून टाका. मी उभा राहून कबूल करीन."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी फार माया आली. गंजानं लाल झालेले हात ते रुमालानं पुसत होते आणि रुमाल पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवत होते.

सभेला दोन्ही विंग लोटल्या. खजिनदारबाईंनी टाक्यांची मापं वाचली आणि विचारलं, "प्रोग्रॅम आणलाय?"

आणला होता. एक कागद. तो नुसता पुढं केला असता तर माझ्यावरचा आळ पुसला गेला असता. पण त्यानंतरचा प्रश्न मला ऐकू येत होता. प्रोग्रॅम स्वच्छ, तर मग पाणी कुणी अडवलं? पहिल्या रांगेत सासरे खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. ते उठणार, हे मला दिसत होतं.

"प्रोग्रॅममध्ये चूक होती," मी म्हणालो.

"कुठं?" डॉक्टर.

आता कुठं तरी बोट ठेवणं भाग होतं. "सतराव्या ओळीत," मी म्हणालो. ती ओळ मी माझ्या आयुष्यात लिहिलेली सगळ्यात निर्मळ ओळ होती. तिच्यात खोट काढायला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत आला असता. तिच्यावर मी भर सभेत आळ घेतला, आणि मला गहिवरून आलं. लोकांना तो पश्चात्ताप वाटला.

"मी आधीच म्हणत होतो," डॉक्टर म्हणाले. "यांना काढावं, असा मी ठराव मांडतो. अनुमोदन कोण देतं?"

कुणीच बोलेना. माणसं तशी भिडस्त असतात. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "मी देतो!"

सासरे उभे होते. मैदानात मुलाला बाहेर काढताना त्यांचा चेहरा असाच झाला असणार. "चूक ती चूक. जावई असला म्हणून काय झालं? माझं अनुमोदन!" आवाज मोठा होता, पण शेवटच्या शब्दाला चिरकला. आधी ते खरं सांगायला उठणार होते. मी ओळीवर आळ घेतल्यावर काय करावं ते त्यांना सुचेना, आणि गोंधळलेला पंच सवयीनं घरच्याच माणसाविरुद्ध शिट्टी वाजवतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "याला म्हणतात निःपक्षपाती माणूस!" खजिनदारबाईंचे डोळे भरून आले होते. दोन मिनिटांत माझ्या जागी सासऱ्यांची एकमतानं निवड झाली. ते ‘नाही, नाही’ म्हणत होते, पण लोकांना तोही मोठेपणाच वाटला.

दुसऱ्या आठवड्यात जिन्यात डॉक्टर भेटले. "काय, आता लेकीच्या विंगला पाणी जोरात असेल!" ते म्हणाले आणि हसले.

मी वर आलो, चहा घेतला, पण तो गोड लागेना. म्हातारा माणूस, पंच म्हणून जन्मभर कमावलेलं नाव. उद्या कुणी म्हणालं, की हा लेकीला पाणी चोरून देतो, तर? मी ए च्या गच्चीवर गेलो. आमच्या टाकीलाही तसाच हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह आहे. चाकाला थोडासा पीळ द्यायचा, फार नाही, एवढंच मनात होतं.

टाकीपाशी माझी बायको उभी होती. तिच्या हातात पाना होता. व्हॉल्व्हला चाक नव्हतं.

"अगं, चाक कुठंय?"

"पिशवीत. बाबांच्या गच्चीवरचं सकाळीच काढलंय." तिनं पिशवी हलवून दाखवली. आतून लोखंडाचा आवाज आला. "दोन्ही पूर्ण उघडे करून ठेवलेत. आता कुणाचं नाव कुणी सांभाळायचं नाही."

"तुला कसं कळलं?"

"सतरावी ओळ म्हणालात तेव्हा तुम्ही कागदाकडे बघितलंच नाही. बाबांकडे बघत होतात." ती पाना पुसायला लागली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. "चला खाली."

तेव्हापासून दोन्ही विंगना सारखं पाणी येतं. प्रोग्रॅम तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. सोसायटीत सगळे म्हणतात, सासऱ्यांनी आल्या आल्या सतरावी ओळ दुरुस्त केली.